कांद्याचं आणि कोंबड्यांचं पाणी

सोमवार, २४ मार्च

दर मंगळवारी शेतकऱ्यांच्या फोनवर आमच्या कृषी केंद्राचा जो सल्ला जातो, तो यापुढे मी लिहायचा आणि मीच बोलायचा, असं साहेबांनी आज सांगितलं. आतापर्यंत जो जात होता तो ऐकून माणसं काय, बैलही पेंगत असतील. 'पिकास योग्य वेळी पाणी देण्याची दक्षता घ्यावी.' म्हणजे नक्की काय करायचं, ते त्या दक्षतेलाच ठाऊक. साहेब म्हणाले, "लोक अर्ध्यात फोन ठेवतात हो. जरा चटकदार करा. तुम्ही कँटीनमध्ये बोलता ना, तसं." कँटीनमध्ये मी साहेबांच्याच नकला करते, पण ते त्यांना माहीत नसावं.

वेळ दीड मिनिट. त्यातच पिकं, त्यातच कोंबड्या. पिकं हा माझा विषय आहे. कोंबड्यांचं आमचे पशुवैद्य डॉक्टर लिहून देतील आणि मी ते माणसांच्या भाषेत आणायचं. उन्हाळाभर नीट जमलं तर माझी कंत्राटी नोकरी पक्की होईल, असंही साहेबांनी हळूच सांगितलं.

घरी येऊन सांगितलं तर नवरा खूश. बाबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वर्तमानपत्रातून डोकंसुद्धा काढलं नाही. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. जन्मभर शिशाचे खिळे जुळवले, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वाक्यात त्यांना चूक दिसते. निवृत्त झाल्यावर परसात पत्र्याची शेड घालून कोंबड्या पाळल्या. कुणाला विचारलं नाही, कुणाचं ऐकलं नाही.

"फुकटचा सल्ला," बाबा म्हणाले. "ऐकणार कोण?"

"बाबा, आयुष्यात एकदा तरी कुणाचं ऐका," नवरा म्हणाला.

"ऐकण्याजोगं कुणी बोललं, तर ऐकेन."

माझी आई म्हणते, तुझे सासरे तुला पाण्यात पाहतात. मला तसं वाटत नाही. ते सगळ्या जगालाच पाण्यात पाहतात, मी फक्त जवळ असते.

बुधवार, २ एप्रिल

काल माझा पहिला सल्ला गेला. लिहून ठेवते, कारण मला तो फार आवडला.

कोंबड्यांसाठी: पत्र्यावर चुना मारा, वर पोती टाकून ओली ठेवा, खाद्य पहाटे आणि उन्हं उतरल्यावर द्या, पाण्यात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ घाला. भाज्यांना पाणी सकाळी द्या, बुडाशी काडीकचरा पसरा. आणि कांदा. कांद्याच्या माना पडायला लागल्या, म्हणजे पात आडवी व्हायला लागली, की पाणी तोडा. इथे मी जरा आवाज चढवला. "तोडायचं म्हणजे पुरतं तोडायचं. थेंबही नाही. माया आली म्हणून मधेच एकदा पाणी दिलंत, तर तो कांदा साठवणीच्या चाळीत सडून तुमच्या मायेचे पांग फेडेल."

आज तीन-चार जणांनी फोन करून सांगितलं, ताई, पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. मी दिवसभर हवेत.

घरात मात्र कदर शून्य. रात्री जेवताना बाबांना विचारलं, ऐकलात का? "मला उद्योग आहेत," म्हणाले. मग भात कालवता कालवता म्हणाले, "पांग फेडणं चांगल्या अर्थाने असतं. सडका कांदा पांग फेडत नाही." मी म्हटलं, ते उपरोधाने होतं. तर म्हणे, फोनवर उपरोध दिसत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

घरातल्या वस्तूंना पाय फुटलेत. मागच्या खोलीतली रिकामी पोती गेली. गुळाचा डबा निम्मा झाला. मी कामवालीवर संशय घेतला आणि तिने आठवडाभर पुरेल एवढा अबोला धरला.

बाबांच्या शर्टावर पांढरे शिंतोडे होते. विचारलं, हे काय? म्हणाले, "कबुतर." एवढं मोठं कबुतर आमच्या भागात नाही. पण बाबांशी वाद घालण्यापेक्षा शर्ट भिजत घातलेला परवडतो.

मंगळवार, ८ एप्रिल

आजचा सल्ला आतापर्यंतचा सर्वांत भारी. रेकॉर्ड करताना खोलीतले सगळे हसले, म्हणून पुन्हा करावा लागला.

डॉक्टरांनी मानमोडी या कोंबड्यांच्या साथीच्या रोगावरच्या लसीचं लिहून दिलं होतं. ही लस कोंबड्यांना पिण्याच्या पाण्यातून देतात. त्यांचं वाक्य असं: 'लसीकरणापूर्वी एक तास पक्ष्यांचे पिण्याचे पाणी बंद ठेवावे, जेणेकरून पक्षी तहानेने लसमिश्रित पाणी त्वरित प्राशन करतील.' प्राशन! कोंबडी प्राशन करते होय? शिवाय दीड मिनिटाच्या वर जात होतं. आज कांदा परत घ्यायचाच होता, कारण काढणी तोंडावर आली आहे. मग मला सुचलं, की दोघांचं एकत्रच उरकावं. शेवटी बोलले ते असं:

"कांद्याचं पाणी तोडलंत ना? आता कोंबड्यांचंही तोडा. मानमोडीची लस देण्याआधी कोंबडी तहानलेली हवी, म्हणजे लस गटागटा पिते. कांदा बिचारा मुका आहे, कोंबड्या मात्र आरडाओरडा करतील. करू देत. तिकडे लक्ष देऊ नका. आमच्या घरातही काही जण ओरडतात, आम्ही कुठे लक्ष देतो?"

शेवटचं वाक्य बाबांसाठी होतं. ते ऐकत नाहीत म्हणून बिनधास्त टाकलं.

गुरुवार, १० एप्रिल

साहेब खूश. शेवटपर्यंत ऐकणारे दुप्पट झालेत म्हणे. कँटीनमध्ये सगळे एकमेकांना 'तुमचं पाणी तोडू का' म्हणून चिडवतायत.

बाबांच्या कोंबड्यांना शनिवारी सकाळी लस द्यायला केंद्राचा लसवाला येणार आहे. त्याची वेळ बाबांनी स्वतः फोन करून ठरवली. माझ्यामार्फत नाही, अर्थातच.

शनिवार, १२ एप्रिल

अक्षर वाचता येईल की नाही माहीत नाही.

शनिवारचा अर्धा दिवस म्हणून दुपारी घरी आले. फाटकातून आत शिरले आणि काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण काय ते कळेना. मग कळलं, परसातून आवाजच येत नव्हता. रोज फाटकापर्यंत कलकलाट असतो.

शेडमध्ये कोंबड्या मरून पडल्या होत्या. एखाद-दुसरी नाही, सगळीकडे. भिंतीच्या कडेला ढीग झाला होता, एकीवर एक. पंख पसरलेले, माना लांब, चोची उघड्या. मधे काही जिवंत होत्या, त्या मेलेल्यांच्या अंगावर टेकून धापा टाकत होत्या. मी तिथेच खाली बसले.

लसवाला थर्मास घेऊन दारात उभा. त्याची गाडी वाटेत बंद पडली, म्हणून तो भर दुपारी पोहोचला. त्यानेच डॉक्टरांना फोन केला होता. ते माझ्या मागोमाग आले, दोन कोंबड्या उचलून पाहिल्या, चोचीत बोट घातलं आणि म्हणाले, "घशाला कोरड पडून, उन्हाने गेल्यात. यांना पाणी कधीपासून नव्हतं?"

बाबा शेडच्या खांबाला धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जसा काही दोष माझाच. मग डॉक्टरांना म्हणाले, "भरायला विसरलो."

"कधीपासून?"

"आठवत नाही."

ज्या जिवंत होत्या त्यांना पाणी ठेवलं. त्यांतल्या काही पाण्यावर तुटून पडल्या आणि पिता पिताच गेल्या. एक माझ्या हातात गेली. इतकी गरम होती की मी दचकून सोडली.

नवरा आला. कुदळ घेतली आणि मागे खड्डा खणायला लागला. बाबा एकेक कोंबडी दोन्ही हातांनी उचलून खड्ड्यात ठेवत होते. टाकत नव्हते, ठेवत होते. डॉक्टर म्हणाले, वरून चुना टाका. बाबा म्हणाले, "चुना आहे घरात." आमच्या घरात चुना कुठून आला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

मूठभर कोंबड्या उरल्यात.

रविवार, १३ एप्रिल

नवऱ्याने शेडची किल्ली काढून घेतली. बाबांनी मुकाट्याने दिली. एरवी बाबा पोस्टमनलासुद्धा मुकाट्याने सही देत नाहीत.

"आज कोंबड्या, उद्या गॅस चालू ठेवतील," नवरा मला स्वयंपाकघरात म्हणाला. त्याचे डोळे लाल झाले होते. उरलेल्या कोंबड्या विकून शेड काढून टाकायची आणि बाबांना स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे न्यायचं, असं त्याने ठरवलंय. गुरुवारची वेळ मिळाली. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? वय झालं, हे खरंच आहे.

एक मात्र मनातून जात नाही. उरलेल्यांना पाणी ठेवायला मी शेडमध्ये गेले, तर पाण्याची सगळी भांडी घासून, पालथी घालून भिंतीशी ओळीने ठेवलेली. दाराशी पिंप काठोकाठ भरलेलं, वर झाकण. विसरणारा माणूस इतका टापटीप असतो का? नवऱ्याला म्हटलं, तर म्हणाला, "हाताला सवय असते ग. डोकं जातं, हात राहतो."

सोमवार, १४ एप्रिल

मी मारल्या. त्या मी मारल्या.

सावकाश लिहिते. आज जयंतीची सुट्टी, पण कार्यक्रमाला आम्ही सगळे केंद्रात होतो. तिथे सकाळी फोन आला. एक बाई होत्या, आवाज घाबराघुबरा. "सल्लावाल्या ताई का? ताई, अजून किती वेळ तोडून ठेवू? लसवाला उद्या येतोय. मी कालपासूनच तोडलंय. पण कोंबड्या लोळायला लागल्या हो. ओरडायच्याही थांबल्या."

मी म्हटलं, काय तोडलंय?

"पाणी. तुम्हीच सांगितलं ना."

त्यांना सांगितलं, आत्ताच्या आत्ता पाणी ठेवा, थोडं थोडं, सावलीत, अंगावर शिंपडा, फोन ठेवा आणि पळा. मग मी रेकॉर्डिंगच्या खोलीत गेले, दार लावलं आणि माझा मागच्या मंगळवारचा सल्ला ऐकला. तास कुठेच नव्हता. मीच तो काढला होता. किती वेळ, हे त्यात एकदाही आलेलं नाही. त्याच्या आधीच्या आठवड्यात मात्र मी ठासून सांगितलेलं: तोडायचं म्हणजे पुरतं तोडायचं, थेंबही नाही. आणि वर, ओरडल्या तरी लक्ष देऊ नका.

कांदा लावणाऱ्याला तोडणं म्हणजे काय ते कळतं. तो कोंबड्यांचं ऐकून हसेल, आपल्या अकलेने तासभर धरेल. पण ज्याला हा शब्द माझ्याच तोंडून पहिल्यांदा कळला, तो काय करेल?

तेवढ्यात एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. पोती. गूळ. शर्टावरचे शिंतोडे. घरातला चुना. सडका कांदा पांग फेडत नाही, हे त्यांना न ऐकता कसं कळलं असतं? बाबा ऐकत होते. पहिल्या दिवसापासून, शब्द न् शब्द.

मी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, "मी एक तास लिहिलं होतं." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. साहेबांनी तातडीने नवा सल्ला पाठवायला परवानगी दिली: लस देण्याआधी पाणी फक्त तासभर बंद, तेही सकाळच्या गारव्यात, लसवाला दारात आल्यावरच. दुपारच्या आत तो गेला. पण त्यात 'मागच्या वेळी चूक झाली' हे वाक्य साहेबांनी घालू दिलं नाही. "चूक म्हटलंत की उद्या कुणी कांद्याचंही ऐकणार नाही. आणि तुमची नोकरी पक्की करायचा कागद मी आधीच वर पाठवलाय. शहाण्या असाल तर गप्प बसा."

मी गप्प बसले.

मंगळवार, १५ एप्रिल

नवरा कामावर गेल्यावर बाबांना गाठलं. ओसरीवर बसून होते, हातात वर्तमानपत्रही नव्हतं.

"बाबा, तुम्ही विसरला नव्हतात."

"विसरलो."

"शुक्रवारी संध्याकाळी तुम्ही भांडी काढून घेतलीत. मी सांगितलं म्हणून."

मी विचारलं, सकाळी कोंबड्या तडफडताना दिसत होत्या, पिंप भरलेलं होतं, मग का नाही दिलंत? तेव्हा ते बोलले. आवाज अगदी साधा होता.

"मी सकाळपासून पिंपाशीच उभा होतो. दोनदा झाकण काढलं. पण म्हटलं, कंपोझिटरने मजकुरात हात घालायचा नसतो. लिहिणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं. माया आली तर सडेल, असं तू म्हणाली होतीस. म्हटलं, लस वाया जाईल. आणि सगळे मला म्हणता ना, एकदा तरी कुणाचं ऐका."

मला रडू फुटलं. ते म्हणाले, "रडू नकोस. आणि त्याला सांगू नकोस. तुझी नोकरी व्हायची आहे. मला म्हाताऱ्याला विसराळू म्हटलं तर कुणाचं काय बिघडतं?"

मी संध्याकाळी नवऱ्याला सांगणार होते. तो आला, चहा घेतला, बाबांच्या काळजीने बोलत राहिला. मी ऐकत राहिले. उद्या सांगेन.

बुधवार, १६ एप्रिल

नाही सांगितलं. लाज वाटते म्हणून की नोकरीसाठी, हे मलाच कळत नाही. फोनवरच्या त्या बाईंच्या कोंबड्या वाचल्या, असा निरोप आला. तेवढं ऐकून मी निर्लज्जासारखी पोटभर जेवले.

गुरुवार, १७ एप्रिल

दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. डॉक्टरीण बाई वयाने लहान, बोलायला गोड. त्यांनी बाबांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, आजोबा, सोपे प्रश्न आहेत, घाबरू नका. मला वाटलं, बाबा सगळी उत्तरं देतील, वर त्यांच्या प्रश्नांतल्या दोन चुका काढतील, आणि आम्ही घरी जाऊ. मी मनात त्याच आशेवर होते. मग मला काही सांगावंच लागलं नसतं.

"आज वार कोणता?"

बाबांनी थोडा विचार केला. "रविवार."

नवऱ्याने माझा हात घट्ट धरला. बाबा रोज सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी तारीख तपासतात, चुकीची छापलीय का म्हणून.

"महिना?"

"पावसाळा आहे ना? श्रावण... नाही, माहीत नाही."

"ह्या कोण?" बाईंनी माझ्याकडे बोट केलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या शनिवारी पाहिलं होतं, तशाच नजरेने. आणि मला आता कळलं, ती नजर दोष देणारी नव्हतीच. ते मला विचारत होते, गप्प राहू ना?

"मुलगी असेल," बाबा म्हणाले. "नाव आठवत नाही."

नवऱ्याला हुंदका आला. बाई कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. हा माणूस आमच्यासमोर बसून स्वतःला पुसून टाकत होता, एकेका उत्तराने, आणि मी शेजारी खुर्चीत बसून बघत होते.

"बाबा, पुरे," मी म्हणाले. आवाज फाटला. "लिहू नका बाई. यांना सगळं आठवतं. हे खोटं बोलतायत. माझ्यासाठी बोलतायत."

मग मी सगळं सांगितलं. शब्द कसा बदलला, तास कसा काढला, विनोद कसा केला, आणि तीन दिवस मला माहीत असून मी कशी गप्प बसले. बाबा मधेच म्हणाले, "तिचं ऐकू नका, तिला ऊन लागलंय." कुणी हसलं नाही.

नवऱ्याने माझा हात सोडला. घरच्या फाटकाशी थांबून एवढंच म्हणाला, "त्यांना दवाखान्यात बसवेपर्यंत तू बघत राहिलीस?"

मी फाटकाची कडी लावत राहिले.

त्याने शेडची किल्ली बाबांच्या हातावर ठेवली आणि त्यांच्या पाया पडला. बाबा किल्ली घेऊन तसेच उभे राहिले.

मंगळवार, २२ एप्रिल

आज सल्ल्यात बोलले. साहेबांना आधी वाचून दाखवलं. ते म्हणाले, "हे गेलं तर तुमचा कागद परत येईल." मी म्हटलं, येऊ द्या. त्यांनी बराच वेळ टेबलावर बोटं वाजवली आणि शेवटी पाठवा म्हणाले. वाईट माणूस नाही तो.

"मागे मी कोंबड्यांचं पाणी तोडा म्हणाले. किती वेळ ते सांगितलं नाही. ती माझी चूक. ओरडल्या तरी लक्ष देऊ नका, असंही गमतीत म्हणाले. एका माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून ते तंतोतंत केलं आणि त्यांची शेड रिकामी झाली. ते माझे सासरे. तुमच्या जनावराला तहान लागलेली दिसली, तर माझं ऐकू नका, पाणी द्या. ज्यांचं नुकसान झालं असेल त्यांनी केंद्रात यावं, मी बसलेली आहे."

पुरं दीड मिनिटही लागलं नाही. कांद्याचं काही बोललेच नाही, हे नंतर लक्षात आलं.

तीन माणसं आली. दोघांनी शिव्या दिल्या, त्या खाल्ल्या. तिसरा म्हातारा होता. तो समोर बसला, पाणी प्यायला आणि निघून गेला. त्याचं काय गेलं, ते मला विचारवलं नाही.

शुक्रवार, २५ एप्रिल

कागद परत आला. पुढच्या वर्षी बघू, साहेब म्हणाले. सल्ला मीच बोलायचा आहे, कारण बोलायला दुसरं कुणी तयार नाही.

नवरा आता बोलतो, पण कामापुरतं. ते मी समजू शकते. मला भीती वाटते ती बाबांची. ते विचारायला लागलेत. "आंघोळीला जाऊ?" "खिडकी लावू का?" "आता जेवायला बसू ना?" टोमणा असता तर ओळखला असता, मी त्यांच्या टोमण्यांवरच इतकी वर्षं जगले. ते खरंच विचारतात आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतात. काल मी जेवताना मुद्दाम चुकीचं बोलले, "त्यांनी मला फार मोठं मदत केलं." घास हातात धरून वाट पाहिली. बाबा खाली मान घालून जेवत राहिले.

रविवार, २७ एप्रिल

दुपारी जेवून मागे गेले तर बाबा शेडच्या दारात पाण्याची बादली घेऊन उभे. आत उरलेल्या कोंबड्या चोची उघडून धापा टाकत होत्या.

"पाणी ठेवू?" त्यांनी मला विचारलं.

मला काय झालं कळत नाही. संताप आला, त्यांचा नाही, माझाच. मी म्हणाले, "नको."

वाटलं होतं, आता तरी खवळतील. त्यांनी बादली खाली ठेवली. हात मागे बांधले आणि कोंबड्यांकडे बघत उभे राहिले. त्या शनिवारी सकाळभर ते असेच उभे राहिले असणार. मी बादली ओढली आणि भांड्यांत पाणी ओतायला लागले. निम्मं बाहेर सांडत होतं.

"आत्ताच नको म्हणालीस."

"चुकीचं म्हणाले. मुद्दाम म्हणाले. तुम्ही ऐकलंत कशाला?"

"मग काय करायचं?"

"भांडायचं माझ्याशी. डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारायचं."

एक कोंबडी पुढे आली, तिने पाण्यात चोच बुडवली आणि मान झटकून मागे सरली. बाबा वाकले. भांड्यात बोट घातलं.

"हे तापलंय," ते म्हणाले. "तू जेवून येईपर्यंत मी बादली घेऊन उन्हात उभा होतो."

"चालेल की. पाणी ते पाणी," मी म्हणाले. नाक गळत होतं, मला दुसरं काही सुचलं नाही.

"चालेल?" बाबा सरळ उभे राहिले. "कढत पाणी कोंबडी पिते? आणि म्हणे सल्ले देते लोकांना. ओत ते. सगळं ओत. माठातलं आण, गार. आणि बादली धुऊन आण, नुसती विसळून चालणार नाही."

मी सगळं ओतलं आणि बादली घेऊन पळत आत गेले.